ओला पारा

चैत्र लागून अकरा दिवस झाले आणि सुलनचा सातवा माठ परत आला.

तो घेऊन आल्या होत्या तळ्याच्या पेठेतल्या जुन्या शाळेच्या बाई. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी माठ ओट्यावर ठेवला, मानेवरचा घाम पुसला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "सुलन, तुझ्या सासऱ्याच्या माठातलं पाणी प्यालं की दात शिवशिवायचे. हा काय दिलास? यात वरण शिजेल."

सुलनने माठ कुशीत घेतला, बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिला. आवाज खणखणीत होता, म्हणजे भाजणी पुरी होती. अंगावरून तळवा फिरवला, तर तळवा ओला झाला. म्हणजे पाझरही होता. सगळं जागच्या जागी होतं. गारवा तेवढा नव्हता. तिने दुसरा माठ काढून दिला, आणि तो देताना तिला ठाऊक होतं की हाही परत येणार.

नवरा गेल्यावर ती चाकावर बसली, तेव्हा कुंभारआळीत कुजबूज झाली होती. बाईने माती मळावी, राख चाळावी, माठ भाजायचा आवा लिंपावा. चाक फिरवू नये. सुलनने फिरवलं. एका लेकीला त्या चाकावर वाढवलं, शिकवलं, उजवलं. तेरा वर्षं कुणाची बोलायची छाती झाली नाही. आता सात माठ परत आल्यावर आळीतली म्हातारी तोंडं पुन्हा उघडली. बाईच्या हाताला पाझर नसतो, असं म्हणू लागली. आणि वाईट हे, की सुलनलाही रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच वाटू लागलं.

माणखेड हे पाऊस ज्याला चुकवून जातो असं शहर. डोंगर पश्चिमेला, ढग तिकडेच रिकामे होतात. इथे वर्षाचे आठ महिने उन्हाचे, दोन थंडीचे, आणि उरलेले दोन आभाळाकडे बघण्याचे. पण उन्हाशी माणखेडचं जुनं नातं होतं. खिडकीला ओली चादर, अंगणात सडा, दाराआड माठ आणि दुपारची झोप, एवढ्यावर पिढ्या तगल्या. सुलन माती मळताना म्हणायची:

ऊन आलं पाव्हणं, त्याला बसाया टाकू काय
माझ्या माठाच्या पोटाशी त्याचे निवले दोन्ही पाय

तीन वर्षांमागे खांब आले. योजनेचं कागदावरचं नाव भलं मोठं होतं, लोक म्हणत धुक्याचे खांब. दोन मजले उंच, डोक्यावर कडं, कड्याला केसाहून बारीक भोकं. शहराचं सांडपाणी सात वेळा गाळून त्या भोकांतून फवारलं जाई. थेंब इतका बारीक की जमिनीला टेकण्याआधी हवेतच विरून जाई, आणि विरताना हवेतली उष्णता पिऊन घेई. ज्या चौकात बोर्डावर चव्वेचाळीस अंश दिसायचे, तिथे छत्तीस दिसू लागले. पहिल्या वर्षी लोक खांबांखाली नाचले. दुसऱ्या वर्षी वैशाखातली लग्नं पुन्हा भर दुपारी लागू लागली. तिसऱ्या वर्षी खांब कुंभारआळीपर्यंत पोचले आणि एखादं दुकान बंद झाल्यासारखं लोक सहज म्हणू लागले, आपल्याकडे उन्हाळा बंद झाला.

बारीकसारीक गोष्टी बदलल्या, त्यांचं हसू झालं. गच्चीवरच्या कुरडया तीन दिवसांनीही वाकत होत्या. टोपल्यातल्या भाकरीला दुसऱ्या दिवशी बुरशी. कोकण चालत दारात आलं, म्हणून बायका एकमेकींना चिडवत. दुपारी बारा ते चार घरांची वीज खांबांना जाई, पंखे थांबत, पण बाहेर छत्तीस असताना पंखा कुणाला हवा होता?

सुलनला हसू येत नव्हतं. तिने मातीत राख वाढवली, लीद वाढवली, वाळू वाढवली. माठाचं अंग कागदासारखं पातळ केलं. अख्ख्या आव्यातून चार माठ धड निघाले, बाकीच्यांची खापरं झाली. त्या चारांतलंही पाणी कोमटच राहिलं.

त्याच दिवसांत लेकीच्या बाळंतपणाची गोष्ट निघाली. प्रांजलला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. त्यासाठी सुलनने खोली सारवून ठेवली होती. पण जावई ओंकार खांबांच्या देखभालीवर नोकरीला, त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीसमोरच दोन खांब. तो नीट, आदराने बोलला. मामी, तुमच्याकडे पत्रे आहेत, इथे गारवा आहे, दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. एरवी सुलन भांडली असती. या वेळी ती खाली बघत राहिली. जिच्या घरात माठाचं पाणी गार होत नाही, तिने बाळंतीण कोणत्या तोंडाने मागायची? ती म्हणाली, ठेवा. घरी येऊन तिने सारवलेल्या खोलीला कुलूप घातलं.

चैत्राच्या शेवटी ती माती आणायला माळावर गेली. शहरापासून बारा किलोमीटरवर तिच्या दिराची वीटभट्टी होती, तिथल्या आटलेल्या तळ्याची माती ती दरसाल आणायची. मैनुद्दीन रिक्षावाला सोबत. तिचे माठ कडब्यात गुंडाळून बाजाराला नेणारा तोच. वाटेत प्यायला म्हणून परत आलेल्या सातांपैकीच एक माठ पाणी भरून घेतला होता. माळावर उतरल्यावर तो लिंबाच्या सावलीत ठेवला आणि दोघं माती भरायला लागली. वारा भट्टीतून आल्यासारखा होता. ओठ तडकत होते. माळावर खांब नव्हते.

तीन तासांनी मैनुद्दीनने तांब्या बुडवला, घोट घेतला आणि थांबला.

"भाभी, ह्यात बर्फ टाकला काय?"

सुलनने तांब्या घेतला. पाणी दातांना लागलं. खालच्या दाढेत तीच जुनी कळ आली, सासऱ्याच्या वेळची. तिने दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, मग माठाशेजारी मातीत बसली. माठ तोच. हात तिचेच. पाझरही तेवढाच. फरक एकच होता. इथला कोरडा वारा माठाच्या अंगावरचा ओलावा उचलून नेत होता आणि जाताना पाण्यातली ऊब घेऊन जात होता. शहरातला वारा काही नेत नव्हता. त्याचे हात आधीच भरलेले होते.

आधी तिला राग आला, इतके दिवस स्वतःलाच दोष दिल्याचा. मग हळूहळू भीती आली. कारण घाम येऊन निवणारी वस्तू शहरात माठ एकच नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आत ती ओंकारच्या दारात होती, पायांना माळाची माती तशीच. त्याने ऐकून घेतलं, हसला नाही, पण समजुतीच्या सुरात म्हणाला, "मामी, बोर्डावर छत्तीस आहे. पूर्वी चव्वेचाळीस असायचं."

"तुमचा बोर्ड काय घाम गाळतो का, जावईबापू? माठ गाळतो. माणूस गाळतं."

दुसऱ्या दिवशी ओंकारने ऑफिसच्या अडगळीतून एक जुनी पट्टी शोधून आणली. तिच्यावर दोन पारे होते. एक उघडा, दुसऱ्याच्या बुडाला ओलं फडकं. तो पारा फडक्यातला ओलावा उडताना जेवढा खाली उतरतो, तेवढंच माणसाचं अंग घामाने निवू शकतं. जुने लोक त्याला ओला पारा म्हणत. माणखेडच्या पुराण्या नोंदी त्याने काढल्या. भर वैशाखात, कोरडा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, ओला पारा चोवीसच्या पुढे गेलेला नव्हता. म्हणून तर ही माणसं जगली होती. अंगाबाहेर पंचेचाळीस, पण घामाला चोवीसपर्यंत उतरायची वाट मोकळी.

त्याने खिडकीत पट्टी धरली. कोरडा छत्तीस. ओला एकोणतीस.

त्याने ते सुलनला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता त्यालाच ते पुरतं कळलं असावं, कारण त्याचा आवाज बसत गेला. पूर्वी तापलेली हवा वर जायची, दोन-तीन किलोमीटर उंच, आणि शहराची उष्णता सोबत न्यायची. धुक्याने हवा गार आणि ओली झाली, जड झाली, ती आता वर जात नाही. झाकण घातलेल्या पातेल्यासारखं शहर. ऊन रोज आत येतं, पाणी रोज आत जातं, बाहेर काही पडत नाही. कोरडा पारा खाली राहतो म्हणून सगळे खूश. ओला रोज थोडा चढतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो पस्तिसाला पोचला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसून, हवं तेवढं पाणी पिऊन, काही तासांत जातो. कारण घाम अंगावर राहतो आणि ताप अंगात.

"आणि तान्हं?" सुलनने विचारलं.

"तान्ह्याला घामही नीट येत नाही," तो म्हणाला. "एकतीस, बत्तीस. त्याच्या पुढे नाही."

प्रांजल पलंगावर बसून दोघांकडे बघत होती. एक हात पोटावर होता.

ओंकारने वर लिहून कळवलं. उत्तर आलं, योजनेचं यश बोर्डावरच्या आकड्याने मोजायचं ठरलेलं आहे, ओला पारा करारात नाही. त्याने पुन्हा लिहिलं, तेव्हा साहेबांनी बोलावून चहा पाजला आणि विचारलं, लोकांना सांगू का, की ओंकाररावांच्या सासूचा माठ गार होत नाही म्हणून खांब बंद केले? सगळी खोली हसली. सुलनने प्रांजलला माळावर न्यायचा हट्ट धरला. तो कुणालाच पटला नाही, दवाखाना सोडून माळावर बाळंत व्हायचं म्हणजे काय. ओंकारने शब्द दिला, मी रोज मोजतो, एकतिसाच्या वर गेला की मी स्वतः आणून सोडतो.

वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. सुलन रोज सकाळी जाऊन बाळाला न्हाऊ घालायची. तिच्या तळहातात मावेल एवढं डोकं, त्यावर ओल्या मातीसारखे मऊ केस.

नवव्या दिवशी वारा पडला. सकाळपासून आभाळ राखेच्या रंगाचं, झाडाचं पान हलत नव्हतं. सुलन न्हाऊ घालून परतली तेव्हा लुगडं अंगाला चिकटलेलं होतं. बाराच्या सुमाराला ओंकारचा फोन आला. तो धावत बोलत होता. ओला पारा साडेएकतीस, तासात अर्धा अंश चढतोय. तो टेकडीवरच्या खोलीकडे निघाला होता, जिथून सगळे खांब चालतात. परवानगी मिळाली नव्हती, मिळणारही नव्हती. प्रांजल फोन उचलत नव्हती. त्याच्या आईने उचलला होता, पण ती म्हणाली, घरात गार आहे, तू जेवायला ये.

"मामी, मला पोचता येणार नाही. तिला बाहेर काढा."

मैनुद्दीनची रिक्षा आळीच्या तोंडाशीच होती.

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं तेव्हा सुलनच्या तोंडावर वाफ आली. अंधारी खोली. सगळ्या खिडक्यांना ओल्या जाड चादरी, फरशीवर पाणी, आणि विहीणबाई, म्हणजे ओंकारची आई उज्ज्वलाबाई, बादलीतून ओंजळ भरभरून भिंतींवर मारत होत्या. पहाटेपासून त्या तेच करत होत्या. हाताची सालटं सोललेली दिसत होती. त्यांना नावं ठेवायला सुलनची जीभ उचलेना. हेच तिच्या आईने केलं असतं, हेच तिने स्वतः पन्नास उन्हाळे केलं होतं. कोरड्या मुलखाच्या माणसाला कुणी कधी शिकवलंच नव्हतं की पाणी वैरी होऊ शकतं. जीव घाबरला की हात बादलीकडेच जातो.

प्रांजल भिंतीला टेकून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले. बाळ दुपट्यात होतं. लालबुंद, ओलं, डोळे अर्धे मिटलेले. सकाळपासून त्याने छातीला तोंड लावलं नव्हतं. दोन तासांपासून रडलंही नव्हतं, आणि विहीणबाईंना तीच शांत झोप वाटली होती.

सुलन म्हणाली, हिला माळावर नेते. विहीणबाई दारात आडव्या आल्या.

"ओली बाळंतीण भर दुपारच्या उन्हात नेताय? दहा दिवसांचं सुवेर फिटलं नाही अजून. माळावर पंचेचाळीस असेल. पोरीची लाही होईल, सुलनबाई. माझी नात आहे ती."

"माझं ऐकू नका, विहीणबाई. हा पंखा घ्या अन् तिला वारा घाला. अंग सुकतं का बघा."

विहीणबाईंनी विणलेला पंखा उचलला. त्यांनी वारा घातला, आधी रागाने, मग जपून, मग घाईने. बाळाच्या कपाळावरचे थेंब हलले, एकमेकांत मिसळले, पण उडाले नाहीत. त्यांनी तळहात बाळाच्या पोटाला लावला आणि लगेच काढून घेतला. तोंडावरचा रंग बदलला. पण दारातून त्या हलल्या नाहीत. बाहेर ऊन आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि ते खरंही होतं.

तेव्हा प्रांजल उठली. भिंतीला धरून, एक हात ओटीपोटाला लावून. बाळ उचलून तिने छातीशी घेतलं.

"सासूबाई, मला श्वास घेताना पाणी गिळल्यासारखं होतंय," ती म्हणाली. "हिला काय होत असेल? आई, चल."

विहीणबाई बाजूला झाल्या. सुलनने त्यांनाही चला म्हटलं, हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला. त्या म्हणाल्या, ओंकार उपाशी येईल, घर उघडं टाकून मी येणार नाही. आणि पोरीला काही झालं तर मला तोंड दाखवू नका. मग त्या बादलीकडे वळल्या.

जिना उतरताना प्रांजल प्रत्येक वळणावर बसली. चौकातल्या बोर्डावर छत्तीस होतं, खाली हिरव्या अक्षरांत आनंददायी. खांबांखाली बाकांवर म्हातारी माणसं बसलेली होती, काही मान टाकून. झोपली आहेत की नाही, हे रिक्षातून कळत नव्हतं. सुलनने पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

शेवटचा खांब मागे पडला आणि धुकं भिंतीसारखं संपलं. पुढे पांढरं, उघडं, कोरडं ऊन. वाऱ्याचा पहिला झोत रिक्षात शिरला तशी प्रांजल कळवळली आणि तिने बाळाला पदरात, दुपट्यात, स्वतःच्या अंगात लपवलं. कुठल्याही आईने तेच केलं असतं. सुलनला आता तिचे हात सोडवायचे होते.

ती म्हणाली, उघडं कर. प्रांजल नाही म्हणाली. सुलनने दुपट्याचं टोक धरलं, प्रांजलने घट्ट आवळलं. मैनुद्दीनने आरशातून नजर काढून रस्त्यावर खिळवली.

"मला भाजल्यागत वाटतंय, आई. एवढ्याशा जिवाला काय वाटेल."

"तुला भाजतंय, कारण तुझा घाम सुकतोय. हिचा सुकू दे. प्रांजल, मी तेरा वर्षं ह्याच वाऱ्यावर पोट भरलं. मला वारा कळतो. बाकी काही कळत नसेल."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग प्रांजलची बोटं एकेक करून सुटली.

सुलनने दुपटं काढलं. आपल्या सुती लुगड्याचा पदर बाटलीतल्या पाण्यात भिजवून बाळाच्या डोक्यावरून, मानेवरून, छातीवरून फिरवला. स्वतः वाकून उन्हाची तिरीप पाठीवर घेतली आणि वारा तेवढा आत येऊ दिला. ओलं अंग क्षणात कोरडं झालं. तिने पुन्हा पुसलं. पुन्हा कोरडं. तिचे ओठ आपसूक हलत होते. हे आधी कुणी म्हटलेलं नव्हतं, तिलाही ते आत्ताच सुचत होतं:

वाऱ्या रे वाऱ्या, ये माळाच्या वाटंनं
माझ्या तान्हीचा ताप पूस तुझ्या कोरड्या बोटानं

बाळ हललं नाही. भट्टी आली, लिंब आला, दिराची बायको धावत आली. बाजेवर, दाट सावलीत, दोघींनी दोन बाजूंनी पुसत राहायचं काम चालू ठेवलं. कोरडा पारा पंचेचाळिसावर असेल. सुलन फक्त बाळाच्या पोटाला तळवा लावून बघत होती, जशी पहाटे आव्याला लावून बघते, उघडायची वेळ झाली का ते. पोट उकळतं होतं. मग गरम. मग, कितीतरी वेळाने, नुसतं ऊबदार.

बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि एक बारीक, चिडका, किरकिरा आवाज काढला. प्रांजलने त्याला छातीशी धरलं. पहिल्यांदा ते घसरलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी त्याचे गाल आत ओढले गेले, आणि प्रांजलने डोळे मिटले. मैनुद्दीन पाठ फिरवून रिक्षाचं चाक तपासत बसला, ज्याला काही झालेलं नव्हतं.

सुलन उभी राहिली, तेव्हा तिला रस्ता दिसला. क्षितिजावर पांढऱ्या घुमटासारखं शहर, आणि तिथून इकडे येणारा सगळा रस्ता रिकामा. एक गाडी नाही, एक माणूस नाही. आपलं गार घर सोडून माळावर कोण येणार होतं?

साडेतीनला ओंकारचा फोन आला. त्याचा आवाज ओठ फुटल्यासारखा येत होता. आधी त्याने बाळाचं विचारलं, ते दूध प्यालं हे ऐकून घेतलं. मग सांगितलं. दोन वाजता त्याने खोलीत शिरून खांब बंद केले. दोन-तीन तास मिळाले असते तर हवा तापून वर सुटली असती, झाकण निघालं असतं. पण बोर्डावरचा आकडा चढायला लागला, अडतीस, एकोणचाळीस, आणि लोक टेकडीवर आले. त्यांत त्याचे शेजारी होते, त्याच्या लग्नात पंगती वाढणारे होते. त्यांनी दार तोडलं. कुणी म्हणालं, आमची पोरं उकडून मारतोस का.

"मामी, त्यांनी खांब परत चालू केले. सगळे. ओला पारा तेहतीस आहे. मला इथून सोडत नाहीत." आणि मग, लहान पोरासारखा, "माझी आई फोन उचलत नाही."

सुलनने फोन कमरेला खोचला. प्रांजलने तिचा पदर धरला; ती जाऊ नको म्हणाली नाही, पण पदरही सोडला नाही. सुलनने तो हळूच सोडवून घेतला. दिराच्या बायकोला सांगितलं, पुसायचं थांबवू नका, दर थोड्या वेळाने, सूर्य कलेपर्यंत.

मैनुद्दीनने रिक्षा सुरू केली. त्याची स्वतःची म्हातारी तळ्याच्या पेठेत होती. वाटेत त्याने एवढंच सांगितलं, की आधी जिना चढू, मग तिकडे. धुक्याच्या भिंतीत रिक्षा शिरली तसा काचेवर ओलावा धरला आणि सुलनच्या छातीवर कुणी भिजलेली गादी ठेवल्यासारखं झालं. चौकातले बाक भरलेले होते. कुणी वर पाहिलं नाही. बोर्डावर छत्तीस.

तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना दोघं तीनदा थांबली. दार आतून बंद होतं, फटींत ओल्या चिंध्या कोंबलेल्या. सुलनने कडी वाजवली, हाका मारल्या. आतून पाणी भिंतीवर पडल्याचा आवाज आला.

"विहीणबाई, पोरगी जगली. दूध प्याली. दार उघडा."

बराच वेळ काही नाही. मग अगदी दाराजवळून, जमिनीच्या पातळीवरून, आवाज आला. थकलेला, समजूत घालणारा, एखाद्या पाहुणीला परतवावं तसा.

"आत्ता नको, सुलनबाई. दार उघडलं की गारवा जाईल."

पुन्हा ओंजळभर पाणी पडलं. त्यानंतरचं खूप उशिरा पडलं. त्यानंतर पडलं नाही.

सुलनने पदर खोचला आणि दाराला खांदा लावला.